काल दिसला नाहीत?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे फिरणाऱ्यांमध्ये कुणी ना कुणी कुणाला तरी रोज विचारत असतं, 'काल दिसला नाहीत?' विचारणाऱ्याला उत्तराची फार उत्सुकता असते असं नाही. पाहुणे आले होते, गुडघा दुखत होता, डोळाच उघडला नाही, यांतलं काहीही चालतं. पण ज्याला विचारलं, तो माणूस दुसऱ्या दिवशी येतो. अंथरुणातून उठताना त्याच्या मनात 'आज नको' आलेलं असतं आणि पाठोपाठ 'पुन्हा विचारतील' हेही आलेलं असतं.

आनंदी कसं राहावं, स्वतःला कसं घडवावं यावर आज पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. लवकर उठा, चाला, वाचा, झोपण्यापूर्वी चार ओळी लिहा, फोन बाजूला ठेवा. या सगळ्या सूचना योग्यच आहेत. प्रश्न आहे तो त्या पाळल्या का जात नाहीत हा. माझी सगळी नोकरी कोल्हापुरात शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि आयुष्य शिवाजी पेठेत. जूनमध्ये कोऱ्या वहीवर सुंदर अक्षरात अभ्यासाचं वेळापत्रक लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहिली. आषाढाच्या पावसापर्यंत त्यातली बहुतेक वेळापत्रकं विसरली गेलेली असत. ज्यांची टिकली, त्या मुलांकडे इतरांहून जास्त जिद्द होती असं मला कधी दिसलं नाही. त्यांच्याकडे बहुधा बसायची एक ठरलेली जागा होती आणि तिथं त्यांची वाट बघणारं कुणीतरी होतं.

या गावानं मला जे शिकवलं ते एवढंच. चांगली सवय एकट्याच्या निश्चयावर फार दिवस उभी राहत नाही. तिला जागा लागते, वेळ लागते आणि आपली गैरहजेरी जाणवेल अशी माणसं लागतात. एवढं मिळालं की सवय टिकते, आणि टिकलेल्या सवयीच्या मागोमाग समाधान येतं.

तालमीतली पहाट

आमच्या घरापासून तालीम हाकेच्या अंतरावर. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तरुणपणी तिथं मेहनत करायचे. पुढं गुडघ्यानं कुस्ती सुटली, पण पहाटे उठून तालमीत जाणं सुटलं नाही. पोरांना दोन डाव सांगायचे, कुणाच्या खांद्याला तेल लावून द्यायचे आणि उजाडल्यावर घरी यायचे. आबा चिडचिडले आहेत असं मला फारसं आठवत नाही.

मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही तालमींची नावं महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. खेड्यापाड्यांतली पोरं इथं येऊन राहतात. त्यांचा दिवस अंधारातच सुरू होतो. आधी जोर आणि बैठका, मग हौद्यात उतरून लढत. हौद्यातली माती साधी नसते. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, काव मिसळतात आणि ती बसून घट्ट होऊ नये म्हणून फावड्यानं वरचेवर खणतात. हे खणणंही मेहनतीचाच भाग. मग थंडाई, दूध, जेवण, झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. आपली भांडी आपण घासायची, आपला स्वयंपाक आपण करायचा. थोरल्यानं धाकट्याला शिकवायचं.

या दिनक्रमात एक गोष्ट कधीच होत नाही. 'आज मेहनत करावी का?' असं तिथं कुणी स्वतःला विचारत बसत नाही. तो निर्णय तालमीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच झालेला असतो. त्यानंतर रोज उठवायचं काम वेळ करते, शेजारी झोपलेला गडी करतो आणि गडी उठला नाही तर वस्ताद करतो. आपल्या घरांतल्या सवयी मोडतात त्या बहुतेक इथंच. आपण रोज सकाळी नव्यानं निर्णय घेऊ पाहतो, आणि सकाळचं झोपाळू मन निर्णयाला लायक नसतं.

मानसशास्त्रानंही हे तपासून पाहिलं आहे. पीटर गॉलवित्झर यांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं की 'मी व्यायाम करणार' एवढं ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक घडलं की अमुक ठिकाणी मी अमुक करणार' असं नेमकं ठरवणारे लोक आपला संकल्प जास्त प्रमाणात पार पाडतात. चहाचा कप विसळून ठेवला की चप्पल घालायची, एवढं नेमकं. मग विचार करायला जागाच उरत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण पदकासाठी सांगतो. मला ती सवयीसाठी आणि माणसांसाठी सांगावीशी वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीवर घडलेल्या या पैलवानाला गादीवर खेळावं लागलं आणि तो सहावा आला. पुढची चार वर्षं त्यानं मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी पैसे जमेनात तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. चार वर्षांची पहाट खाशाबांची होती, पण त्या पहाटेच्या पाठीशी गाव उभं होतं.

महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, आणि ते कोल्हापूर जिल्ह्यातून आलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. दोन वर्षं आधी कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला होता. रायफल नेमबाजांच्या सरावाचा मोठा भाग गोळी न घालता होतो. उभं राहणं, श्वास, चाप ओढणारं बोट, एवढंच रोज घोटायचं. बघायला कुणी येणार नाही, टाळी वाजणार नाही. माणूस घडतो तो बहुतेक अशाच तासांत.

एकवीस दिवस पुरतात का?

कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढं लोकांनी 'निदान' गाळलं आणि चेहऱ्याची गोष्ट सवयीला चिकटवली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. 96 जणांनी स्वतःसाठी एकेक साधी सवय निवडली. जेवताना फळ खायचं, ग्लासभर पाणी प्यायचं, संध्याकाळी जेवणाआधी पळायला जायचं, अशा. बारा आठवडे त्यांनी रोज नोंद ठेवली. गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यमानानं 66 दिवस लागले, पण माणसा-माणसांतला फरक प्रचंड होता. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. पाण्याचा ग्लास लवकर अंगी मुरला, व्यायामाला जास्त वेळ लागला. या अभ्यासातला सगळ्यांत दिलासा देणारा निष्कर्ष असा की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही.

आबांना हे कुठल्या अभ्यासातून कळलं नव्हतं. पण तालमीतून गायब झालेल्या पोराला ते म्हणायचे, 'एक दिवस बुडला तर बुडू दे रं. दुसरा बुडवू नगंस.' मी हे वाक्य शाळेत कितीतरी मुलांना सांगितलं. अभ्यास चुकला म्हणून स्वतःला दोष देत बसणारी मुलं दोष देण्यातच पुढचे चार दिवस घालवतात. त्यांना रागवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वही घेऊन शेजारी बसवणं उपयोगी पडतं.

गेलेला आवाज, गेलेली दृष्टी

सवयीनं माणूस यंत्र बनतो, अशी भीती काहींना वाटते. कोल्हापूरच्या कलावंतांकडे बघितलं की ती जाते.

उस्ताद अल्लादिया खाँ तरुणपणी आमलेटा संस्थानात दिवसचे दिवस गायले आणि त्यांचा आवाज बसला. बराच काळ गाणंच थांबलं. परत आला तेव्हा तो पूर्वीचा आवाज नव्हता. खाँसाहेबांनी रियाज सोडला नाही. जो आवाज हाती उरला होता त्याला शोभेल अशी लयीच्या गुंतागुंतीची, पेचदार गायकी त्यांनी घडवली. तीच पुढं जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापुरात राहिले, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या त्यांनी तयार केल्या. 1883 मध्ये सुरू झालेल्या आमच्या देवल क्लबच्या परिसरात गाणं शिकायला येणारी मुलं आजही दिसतात. त्यांतली किती जण गायक होतील कुणास ठाऊक. पण रोज तानपुऱ्यापुढं बसून एकच स्वर नीट लागेपर्यंत थांबायला शिकलेलं मूल पुढं कुठल्याही कामात सहजासहजी घायकुतीला येत नाही, हे मी वर्गात पाहिलेलं आहे.

आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटीतीर्थाच्या काठी राहिले. 1931 मध्ये त्यांचं निधन झालं. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट हेच परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. तेच पाणी, तेच झाड, पण ऊन निराळं. त्यांची निसर्गचित्रं बघताना मला दर वेळी जाणवतं की रोज त्याच जागी जाणाऱ्या माणसालाच त्या जागेतला बदल दिसतो. रोज त्याच वाटेनं चालणं कंटाळवाणं होईल अशी शंका घेणाऱ्यांना मी आबालालांची चित्रं बघायला सांगते.

आणि वि. स. खांडेकर. 1938 साली ते शिरोड्याहून कोल्हापूरला आले आणि अखेरपर्यंत इथंच राहिले. डोळ्यांचा त्रास त्यांना आयुष्यभर होता, शेवटची काही वर्षं दृष्टी पूर्ण गेली होती. 'ययाती'साठी 1974 चं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा ते लिहून घेणाऱ्याला तोंडी मजकूर सांगत काम करत होते. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. त्या कादंबरीचा विषयही आपल्या या विषयाच्या जवळचा आहे. उपभोग वाढवत नेला तर तृप्ती मिळते का, हा तिच्यातला प्रश्न. ज्या लेखकानं हा प्रश्न विचारला त्याचं स्वतःचं उत्तर त्याच्या दिनक्रमात होतं. डोळे गेले तरी त्यानं शब्दांपाशी बसणं सोडलं नाही.

खाँसाहेब आणि खांडेकर यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली आहे. परिस्थिती बदलली की सवयीचं रूप बदलावं लागतं. आवाज गेला तर गायकी बदलायची, दृष्टी गेली तर लिहून घेणारा हात शोधायचा. गुडघे थकले म्हणून फिरणं थांबलेल्या माझ्या मैत्रिणीला आम्ही आता रंकाळ्याच्या पदपथ उद्यानात एका बाकापर्यंत आणतो. ती बसते, आम्ही फेरी मारून येतो, मग सगळ्या मिळून गप्पा. तिचं पहाटे बाहेर पडणं सुटलेलं नाही.

मन कुठं आहे?

रंकाळ्यावर चालताना कानात काही न घालण्याचा माझा नेम आहे. पाण्यावरचे पक्षी, फटफटणारं आभाळ, समोरून येणाऱ्याचा नमस्कार, एवढं पुरे होतं. पाऊस चांगला झाला की संध्यामठ पाण्यात किती बुडाला यावर आमच्यात रोज चर्चा होते.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या संशोधकांनी 2010 मध्ये 2,250 माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसात कधीही फोनवर विचारायचं : तुम्ही आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि तुम्हाला कसं वाटतंय? जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भरकटलेलं असताना माणसं कमी आनंदी होती. हातात कुठलं काम आहे यापेक्षा मन त्यात आहे की नाही याचा आनंदाशी जास्त संबंध निघाला.

म्हणूनच हात आणि डोळे गुंतवणाऱ्या सवयी मनाला बऱ्या वाटत असाव्यात. भाकरी थापताना मन फार दूर जाऊन चालत नाही, ती करपते. रोप लावताना, पेटी वाजवताना, पोहताना, जोर काढताना मन तिथंच राहतं. फोन मात्र मनाला एका जागी बसू देत नाही. आमच्या घरी रात्री जेवायच्या वेळी सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात जातात. नातवंडांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता तीच मोठ्यांना आठवण करतात.

झोपण्यापूर्वी मी तीन ओळी लिहिते. दिवसभरात बरं काय घडलं आणि ते कुणामुळं घडलं. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅककला यांच्या 2003 च्या अभ्यासात दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टी लिहिणाऱ्यांना, कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत आपलं आयुष्य एकंदर बरं वाटू लागलं. माझा अनुभव असा की 'कुणामुळं' हा भाग लिहिला की दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी आपण वेगळं बोलतो. भाजीवालीनं आठवणीनं कोवळा मुळा राखून ठेवला, हे रात्री लिहिलं की सकाळी तिची चौकशी आपसूक होते.

ज्यांना वेळच मिळत नाही

तालीम, घाट, दूधकट्टा या सगळ्या जागा मुख्यतः पुरुषांच्या होत्या, हे सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पीत, राजकारणापासून फुटबॉलपर्यंत सगळ्यावर बोलत उभ्या राहणाऱ्या माणसांचा आनंद मी लहानपणापासून लांबून पाहिला. त्याच वेळी त्यांच्या घरातल्या बायका पाणी भरत होत्या, डबे करत होत्या.

माझ्या आईनं आपली जागा शोधली होती. ती आणि गल्लीतल्या तिघी-चौघी पहाटे अंबाबाईच्या काकड आरतीला जायच्या. एकीनं दुसरीचं दार वाजवायचं, दुसरीनं तिसरीचं. देवळातून परत येईपर्यंतचा वेळ त्यांचा स्वतःचा. सासरच्या गोष्टी, पोरांची दुखणी, उसनवारी, सगळं त्या वाटेवर बोलून व्हायचं. आई घरी यायची ती हलकी होऊन. दिवसभराच्या कामाला तीच वाट तिला बळ द्यायची, असं मला आता कळतं.

'बायकांनी स्वतःसाठी वेळ काढावा' असं म्हणणं सोपं आहे. वेळ कुठल्या कोनाड्यात ठेवलेला नसतो. तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काम उचललं तरच निघतो. आईला पहाटे बाहेर पडता यायचं कारण त्या वेळी चूल माझी आत्ती पेटवायची. कुणाच्या घरात बाई फिरायला जाते, वाचनालयात जाते, गाणं शिकते, हे बघून मी त्या घराबद्दल मत करते.

चित्र बदलतंय. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आसपासच्या गावांतल्या मुली आता कुस्तीच्या आखाड्यात उतरतात. त्यांच्या मागं पहाटे उठून डबा देणारी, मैदानावर सोडायला जाणारी घरं आहेत. मुलीच्या सवयीसाठी आपली सवय बदलणारा बाप हा मला या बदलातला सगळ्यांत मोठा भाग वाटतो.

महापुरानंतर

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगेनं कोल्हापूर वेढलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. तेव्हा पेठांतली मंडळं आणि तालमी एका रात्रीत कामाला लागल्या. कुणी काय करायचं हे ठरवायला सभा घ्याव्या लागल्या नाहीत, कारण ही माणसं रोज एकमेकांना भेटतच होती. कोण चांगलं पोहतं, कुणाकडे टेम्पो आहे, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हे सगळं आधीच ठाऊक होतं.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गणपती अवघ्या काही आठवड्यांवर होते. पाणी ओसरल्यावर मी तिथं माझ्या एका माजी विद्यार्थिनीला भेटायला गेले. घरात चिखल, भिंतींना ओल, भिजून गेलेल्या मूर्ती. ती आणि तिची सासू अंगणात बसून उरलेल्या मूर्तींचे डोळे रंगवत होत्या. 'बाई, हात चालू झाले की डोकं शांत होतं बघा,' ती म्हणाली. नुकसान भरून निघायला पुढं बरेच महिने गेले. पण मोडलेला दिवस पुन्हा उभा करायला तिच्याकडे काहीतरी होतं. संकटात माणसाला पहिला आधार मिळतो तो ओळखीच्या कामाचा आणि ओळखीच्या माणसांचा.

माणसांचा हा आधार संकटापुरताच नसतो. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे. हार्वर्डचे 268 विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली 456 मुलं, अशा 724 जणांचं आयुष्य संशोधकांनी म्हातारपणापर्यंत बघितलं. उतारवयात कोण निरोगी आणि समाधानी राहील याचा अंदाज पैसा किंवा प्रसिद्धी यांच्यापेक्षा जवळच्या नात्यांच्या प्रतीवरून जास्त चांगला बांधता आला. उलट बाजूही स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो.

सुरुवात कुठून करावी

माझ्याकडे माजी विद्यार्थी येतात. कुणी पुण्यात आयटीत, कुणी इचलकरंजीत सूतगिरणीत, कुणी दुबईत. 'बाई, काहीच नियमित होत नाही' ही सगळ्यांची तक्रार. मी त्यांना सांगते ते असं.

एकच गोष्ट निवडा आणि ती आपल्याला लाजवेल इतकी लहान ठेवा. रोज तासभर वाचण्यापेक्षा रोज दोन पानं. तिला रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा : चहा झाला की, अंघोळ झाली की, कामावरून आल्यावर चप्पल काढली की. तिची जागा ठरवा. पुस्तक कपाटात ठेवलंत तर ते तिथंच राहील, उशाशी ठेवा. दिवस बुडला तर स्वतःला रागवू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी जा. आणि ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : एका माणसाला सामील करून घ्या. माझी भाची जर्मनीत असते. ती आणि इचलकरंजीतली तिची मावसबहीण दर रविवारी ठरलेल्या वेळी फोनवर एकाच मराठी पुस्तकाचं एक प्रकरण आळीपाळीनं मोठ्यानं वाचतात. भाची सांगते, त्या तासासाठी सगळा आठवडा सुसह्य होतो.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. सगळं दुःख सवयींनी बरं होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. अशा माणसाला 'रोज चाल म्हणजे बरं वाटेल' असं सांगून सोडून देऊ नये. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, तिथं मराठीतही बोलता येतं. फोन लावताना त्याच्या शेजारी बसा.

जागा कोण देणार?

शेवटी मला शाहू महाराजांबद्दल लिहायचं आहे, कारण या विषयात त्यांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात मी इतकं स्वच्छ पाहिलेलं नाही. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि 1912 मध्ये कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभं राहिलं, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसेल असं. तालमींना त्यांनी आश्रय दिला. 1901 पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं काढली. खेड्यातल्या हुशार मुलाला 'अभ्यास कर' असा उपदेश त्यांनी केला नाही. त्याला राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि शेजारी अभ्यास करणारी दुसरी मुलं दिली. अभ्यासाची सवय त्या खोलीत लागली. त्या वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी महाराष्ट्र घडवायला हात लावला.

त्याच्याही आधी, 1850 मध्ये, या गावात वाचनालय सुरू झालं. तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. आज स्पर्धा परीक्षा देणारी मुलं गावोगावच्या अभ्यासिकांत शेजारी-शेजारी टेबलांवर बसतात. प्रत्येकाच्या घरी पुस्तकं असतात, काहींच्या घरी खोलीही असते. तरी ती तिथं येतात, कारण समोरचा मान खाली घालून वाचतोय हे बघून आपलंही वाचन होतं.

म्हणून आनंद हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे असं मी मानत नाही. उपनगरात नवी घरं वाढत आहेत. तिथं चालायला पदपथ आहे का, मुलींना खेळायला मैदान आहे का, संध्याकाळी बसून वर्तमानपत्र वाचता येईल अशी खोली आहे का, गाणं शिकवणाऱ्याला परवडेल असा हॉल आहे का, यावर तिथल्या माणसांच्या सवयी ठरतील आणि सवयींवर त्यांचं समाधान. मत मागायला येणाऱ्याला रस्त्या-गटारांबरोबर हेही विचारायला हवं. आणि ते मिळेपर्यंत थांबू नये. आपल्या गल्लीत चार खुर्च्या आणि एक ठरलेली वेळ एवढ्यावरही सुरुवात होते. शाहू महाराजांकडे संस्थान होतं. आपल्याकडे शेजारी आहेत, आणि पहिल्या आठवड्याला तेवढे पुरतात.